चंद्रीची वाट

गाड्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. मंडईच्या चौकातून पोलीस चौकीपर्यंत सायकलींसाठी लाल पट्टा आखला आणि त्याच्या मंडईकडच्या टोकाला त्यांना उभं राहायला कठडा बांधला. धारवाल्याची सायकल चंद्री हरखली. तिला स्टँडवर चढवून पायडल मारलं की धारेचा दगड फिरायचा, विळ्या-सुऱ्या लखलखायच्या, तेव्हा धन्याची चूल पेटायची. उभं राहायला जागा नाही, तर चूल नाही.

एके सकाळी पाहते तर पट्ट्यावर कालचीच पांढरी मोटार पसरलेली, कठड्याला बूड टेकवून.

"बाई, ही आमची जागा," चंद्री म्हणाली.

"जराशी टेकलेय गं. ही निघालेच."

"कालही निघालीच होतीस. तेव्हापासून माझं चाक फिरलेलं नाही."

"तू काय, काडीपैलवान. कुठेही मावशील."

चंद्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच्या दारात ठाण मांडायचं आणि वर त्यालाच अंग चोरायला सांगायचं, ही कुठली रीत?

पांढरीचं पाहून एकेक मोटार येत गेली आणि पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला. दुपारी पांढरीला घरी जायचं झालं, तर पुढे जीप, शेजारी टेम्पो.

"सरक की गं," ती जीपला म्हणाली.

"ही निघालेच," जीप म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

पांढरी रडकुंडीला आली. "चंद्रे, माझे आई, तू मावतेस कुठेही. चौकीवर जाऊन हवालदाराला बोलावून आण."

"आणला असता," चंद्री म्हणाली. "पण चौकीची वाट तुझ्या बुडाखाली आहे."