ज्याला काडी धरवत नव्हती

पूर्वी सुधावती नगरीत राजा महीकेतू राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व राजाच्या पागेत गवत कापणाऱ्याच्या घरी जन्मला होता, नाव शमक. सैन्य कुठेही निघो, विळा आणि दोर घेऊन शमक मागोमाग असायचाच. योद्धा एक वेळ उपाशी लढेल, घोडा कसला लढतोय!

त्या राज्यात रीत अशी, की लढाईत पडलेल्या शत्रूने गवताची काडी दाती धरली तर त्याला अभय. काडी नसेल तर मारायला मोकळीक.

एका लढाईनंतर उग्रक नावाचा स्वार रणात हिंडत होता. सकाळीच त्याचा धाकटा भाऊ पडला होता. ज्याच्या भाल्याने तो पडला, तो माणूस उग्रकाला बाभळीखाली सापडला. दोन्ही हात निकामी, जबडा मोडलेला, डोळे मात्र उघडे. तोंडात काडी नव्हती. खरे सांगायचे तर उग्रकाला बरेच वाटले. त्याने तलवार उपसली.

तेवढ्यात शमक भारा टाकून धावत आला. त्याने एक काडी त्या माणसाच्या ओठांत ठेवली. ती गळून पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली.

"अरे गवतकाप्या, तू कशाला मध्ये कडमडतोस?" उग्रक ओरडला. "काडी त्याने धरायची असते!"

"त्याला धरवत नाही, दादा."

"मग मरू दे. रीत म्हणजे रीत."

शमक तिथेच बसून राहिला. "रीत काडी का मागते, दादा? हा आता लढणार नाही, हे कळावे म्हणून. ज्याला गवताची काडी धरवत नाही, तो भाला काय धरणार?"

"माझा भाऊ गेला रे!" म्हणत उग्रक मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. शमकाने त्याला रडू दिले. उग्रकाने त्या माणसाला क्षमा केली नाही. पण तलवार म्यान केली, आणि जखमीसाठी आपली पाण्याची कातडी पिशवी शमकाकडे सरकवली.

पुढे राजाने हे ऐकले आणि रीतीत भर घातली: ज्याला काडी धरवत नाही, त्याच्यासाठी जो जवळ असेल त्याने धरावी.

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तुमच्यातला जो वादात हरून गप्प झालेल्या सोबत्याला अजून टोचतो आहे, तोच तेव्हाचा उग्रक. तो सोबती म्हणजे बाभळीखालचा जखमी. गवत कापणारा शमक मीच होतो." टोचणारा तो भिक्षू मागच्या रांगेतून उठला आणि आपल्या हरलेल्या सोबत्याशेजारी जाऊन बसला. पडलेल्यावर हात न उचलणे, ही मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता.