तहानलेला मोगरा

तर पाणवठ्यावर काय कुजबुज चालली होती, ऐका.

"यमाक्का माळीण राजकन्येचा मोगरा मुद्दाम मारतेय. पानं ओरबाडली, पाणी तोडलं. आणि का, माहितेय? अगं, तिला..."

एवढ्यात सगुणाकाकूची चाहूल लागली आणि बायका गप्प. पुढचं राहूनच गेलं. काकूला अर्धी बातमी कधी पचायची नाही, बरं का. ती यमाक्काची शेजारीण. दोघींच्या परसात एक मेंदीचं कुंपण तेवढं. मनाची मऊ, पण दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते कळल्याशिवाय हिला घास गोड लागायचा नाही.

आता राजकन्येचं सांगते. तिचं नाव रेवती. मोगऱ्याचा बहर सरला तशी तिची झोपही गेली. वैद्य आले, काढे झाले, अंगाई झाल्या. डोळ्याला डोळा लागेना. पोर वाळून काडी झाली. मग राजा स्वतः यमाक्काच्या दारात आला. म्हणाला, "पाडव्याला ओंजळभर मोगरा दे, आक्का. तो वास आला तरच माझी लेक झोपेल."

आणि इकडे ही कुजबुज. काकू लगेच कुंपणाशी. माघ सरत आला होता. यमाक्काने शेवंतीचे वाळके खुंट काढले होते, जास्वंदीला आळी केली होती, दोडक्याचं बी राखेत घोळून लावलं होतं. सगळं कसं जागच्या जागी. फक्त मोगऱ्याच्या नुसत्या काड्या, आणि बुंध्याशी माती तडकलेली. काकू हळहळली.

मग यमाक्का तीन दिवसांसाठी परगावच्या बाजाराला गेली तशी काकूने कुंपणातून हात घालून तांब्याभर पाणी ओतलं. सकाळी पाहते तर दोन पानं. दुसऱ्या दुपारी कळशीभर ओतलं. सकाळी काडी न् काडी पालवलेली. राजाची लेक आता आपणच वाचवणार, असं तिला वाटायला लागलं. तिसऱ्या दुपारी ती घागर घेऊन आली, रिकामी केली, आणि मोगरा बोलला.

"काकू, पोट भरलं की मला पानं सुचतात. तहान लागली की फुलं आठवतात. आता कुठे आठवत होती, तर तू पाजलंस."

काकूने रिकामी घागर तिथेच ठेवली. मग यमाक्काच्या दारात जाऊन तिची वाट बघत उभी राहिली. ती आल्यावर तांब्या, कळशी, घागर, सगळं सांगून टाकलं.

यमाक्का म्हणाली, "सगुणा, सगळ्या गावाच्या चौकशा करतेस. मला एक विचारायला काय झालं होतं गं? चल, खुरपं घे."

मग दोघींनी ती कोवळी पानं पुन्हा खुडली. माती उकरून मुळं उन्हाला दाखवली. काकूला काम काय, तर पंधरा दिवस शेजारी बसायचं आणि पाणी घालायचं नाही. बसली बिचारी हात बांधून. मग शेणखत घातलं, आळं भरून पाणी दिलं. मग तांदळाएवढ्या कळ्या आल्या.

पण पाडवा उजाडला तरी कळ्या घट्ट मिटलेल्या. घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या आणि काकू कडुनिंबाचं पान हातातच धरून कळ्यांकडे बघत बसली. यमाक्का म्हणाली, "ओच्यात घे आणि चल." कळ्याच नेल्या राजवाड्यात. रेवतीच्या उशाशी ठेवल्या. दुपार गेली. काही नाही. मग दिवेलागण झाली आणि एक कळी उमलली. मग दुसरी. मग सगळ्या. खोली वासाने भरून गेली.

रेवतीने कूस वळवली. जांभई दिली. आणि झोपली की हो.

राजा उंबऱ्यावरच बसला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास सोडला. काकूने पदराने डोळे पुसले.

म्हणजे पाणवठ्यावरच्या बायका अगदीच खोटं बोलत नव्हत्या, बरं का. पानं ओरबाडली होती. पाणी तोडलं होतं. तेही मुद्दाम. फक्त मारायला नव्हे, फुलवायला.

तर रेवती निजली, राजा निजला, यमाक्का घरी येऊन निजली, काकूसुद्धा काही न विचारता निजली. आता कोण जागं आहे इथे? मिटा बघू डोळे.