उभ्या गाडीचा काटा

“…ते नंतर. आधी हा काटा काय सांगतो, ते सांग.”

सोमपुरी बोलता बोलता अडखळला. त्याने विचारलं होतं गादीबद्दल, आणि महाराज जीपच्या मीटरकडे बोट दाखवत होते.

घाटाचं शेवटचं वळण होतं. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक रस्त्यात आडवा होऊन बसला होता आणि मागे वाहनांची रांग लागली होती. मठाची जुनी जीप त्या रांगेत घरघरत उभी होती. ती बंद करायची सोय नव्हती. एकदा बंद केली की ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही, आणि चढावर ढकलणार कोण?

महाराज म्हणजे भैरवपुरी. पूर्वाश्रमी ते ट्रक चालवायचे. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून शिष्य जीप चालवायचा आणि महाराज शेजारी डोळे मिटून बसायचे. मिटल्या डोळ्यांनी त्यांना जास्त दिसतं, असं मठातले लोक म्हणत.

सोमपुरी हा त्यांचा उजवा हात. निदान सोमपुरीचं तरी तसं मत होतं.

पठारावरच्या हेदोळी मठाची गादी रिकामी होती. तिथली मंडळी आज जमणार होती आणि महाराज कुणाचं तरी नाव सांगणार होते. कुणाचं, ते त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. सोमपुरीचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने मठासाठी झिजवली होती. आज गादी दुसऱ्या कुणाला गेली, तर ती वर्षं कशासाठी झिजवली हे त्याला कळलं नसतं.

“इंजिनात तेल किती आहे, ते सांगतो,” तो म्हणाला.

“ते तेलाची पट्टी सांगते. बॉनेट उघडून बघायची.”

काल हा काटा खाली आला म्हणून आज निघताना सोमपुरीने इंजिनात वरून आणखी तेल ओतलं होतं. मग जीप सुरू केल्याबरोबर काटा ताडकन वर गेला, तेव्हा तो स्वतःवर खूशही झाला होता.

“सकाळी तर चांगला वर होता, महाराज.”

“सकाळी इंजिन थंड होतं. थंड तेल घट्ट. पंप ढकलतो, पण ते लवकर सरकत नाही. काटा दिसतो वर… आणि वरचं लोखंड अजून कोरडंच असतं.”

मग महाराजांनी थोडक्यात समजावलं. नुसतं तेल असून भागत नाही, ते फिरून सगळीकडे पोचावं लागतं. ते किती दाबाने फिरतंय, एवढंच या काट्याला कळतं. गाडी तापली की तेल पातळ होतं आणि काटा उतरतो. इंजिन झिजलेलं असेल तर आणखी उतरतो. शून्यावर पडला, तर मात्र असाल तिथे गाडी बंद करायची, नाहीतर इंजिन जाम झालंच म्हणून समजा. थंड गाडीचा काटा बघून खूश होऊ नये आणि पळत्या गाडीचाही फारसा खरा मानू नये. घाट चढून तापलेली गाडी नुसती उभी असताना तो कुठे थांबतो, ते बघावं.

एवढं सांगून त्यांनी डोळे मिटले.

सोमपुरीने काट्याकडे पाहिलं. तो खाली येत होता. त्याने सवयीने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं, काटा वर चढला, आणि सोमपुरीच्याही जिवात जीव आला.

हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं, पण त्याला राहवेना. त्याने पुन्हा गादीचाच विषय काढला. सभामंडप कुणी उभा केला, अन्नछत्र कुणी सुरू केलं, गोशाळा कुणाच्या डोक्यातून निघाली, आसपासच्या गावांत प्रवचनं कोण करतं, हे सगळं त्याने नम्रपणे सांगितलं. नम्रपणा जरा लांबला. एका सप्ताहाचा मांडव उतरायच्या आत दुसऱ्याचे खांब रोवले जायचे, हेही सांगून झालं.

“एक दिवस रिकामा बसलो नाही, महाराज.”

“खरं आहे.”

ते ऐकून सोमपुरीला बरं वाटलं. पाय आपोआप खाली गेला, काटा वर आला.

“हेदोळीला पावसाळ्यात कोण येतं?”

कुणीच येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. रस्ता खचतो, एस.टी. बंद होते, दारासमोरचं झाड धुक्यात दिसत नाही. आधीचे महंत श्रावणात बकरीशी बोलायचे, असं लोक हसून सांगत.

सोमपुरीचं उत्तर तयार होतं. पाऊस सुरू व्हायच्या आधीच चार माणसं वर न्यायची. अखंड जप लावायचा. ग्रंथालय काढायचं. भिंती रंगवून घ्यायच्या. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. इथे तर भिंतीच पाडून नव्याने बांधायची तयारी होती.

“आणि ते झाल्यावर?”

“दुसरं काहीतरी काढू.”

“आणि काहीच निघालं नाही तर?”

पुढे लोक ट्रकमधले चिरे उतरवत होते. आपणही जाऊन हातभार लावावा, असं सोमपुरीला वाटलं. हात दाराच्या कडीकडे गेलासुद्धा. मग त्याला काटा दिसला. त्याने घाईने पुन्हा पाय दाबला.

“हे नेहमी करतोस?” महाराजांचे डोळे उघडे होते.

“गाडी उभी राहिली की करावं लागतं. नाहीतर काटा पडतो.”

“पडतो म्हणजे कुठवर?”

काटा कुठवर पडतो, हे सोमपुरीने कधी बघितलंच नव्हतं. तितका त्याने तो पडूच दिला नव्हता.

महाराजांनी काठी उचलली आणि तिचं टोक त्याच्या गुडघ्यावर हलकेच टेकवलं.

“पाय काढ.”

“इंजिन जाईल, महाराज.”

“गेलं तर जीप माझी जाईल.”

पण पाय निघेना. सोमपुरी खरोखर घाबरला होता, आणि ती भीती जीपसाठी नव्हती. दुपारी मठ निजला, हाक मारणारं कुणी उरलं नाही, की त्याला असंच व्हायचं. मग तो उठायचा आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायचा.

“भीती वाटते,” तो म्हणाला. महाराजांपुढे हे तो पहिल्यांदाच बोलत होता.

“कशाची?”

“…मी काही करत नसलो, तर माझ्या आत काहीच नाही, असं निघेल.”

काठी गुडघ्यावर तशीच होती.

सोमपुरीने पाय काढला.

इंजिनाचा आवाज बसला. काटा उतरू लागला. मधल्या खुणेच्या खाली गेला, शून्याजवळच्या लाल पट्ट्याकडे सरकत राहिला. सोमपुरीने हात मांडीवर ठेवले. त्यांना करायला काही नव्हतं.

लाल पट्ट्याच्या किंचित वर काटा थबकला, थरथरला, आणि तिथेच राहिला. इंजिन हळू का होईना, चालूच होतं.

“अगदी थोडा आहे,” सोमपुरी म्हणाला. “पण आहे.”

महाराजांनी काठी बाजूला ठेवली.

“हेदोळीचा मठ एवढ्यावरच चालतो.”