मांजरीचं उठणं

खूप जुनी गोष्ट. तेव्हा मांजरं माणसांशी बोलत असत, आणि माणसं थोडंफार ऐकतही असत.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या घरांत आधी शेणानं सारवलेली जमीन होती. अनवाणी पावलांना ती मायेनं झेलायची. मग गावाला बरे दिवस आले आणि घरोघर काळ्या दगडाची फरशी बसली. चपला मात्र पूर्वीसारख्याच उंबऱ्याबाहेर राहिल्या.

त्या गावात एक तरुण आई होती. बाळ कुरकुरलं, की ती अंथरुणातून उडी मारायची. नाही कुरकुरलं, तर का कुरकुरत नाही म्हणून उडी मारायची. आयांनो, हसू नका.

एका सकाळी तिनं पाऊल टेकलं आणि टाचेत काटा रुतल्यासारखी कळ आली. पाहते तर काटा नाही. थोडं चालल्यावर कळ ओसरली. "म्हणजे चालणं हेच औषध!" असं ठरवून ती दिवसभर फरशीवर येरझाऱ्या घालू लागली. संध्याकाळी टाच ठणकायची. सकाळी पुन्हा तोच काटा, आणखी खोल.

तिला घाई होती, कारण बाळ पहिली पावलं टाकू लागलं होतं. गावची रीत अशी, की बाळ चालू लागलं की चैत्रात आईनं त्याला डोंगरावरच्या झऱ्यापाशी न्यायचं आणि त्याची पावलं पाण्यात बुडवायची. तिला तिच्या आईनं नेलं होतं. तो गारवा अजून आठवतो, असं ती म्हणे. इतक्या लहानपणीचं कसं आठवतं, ते विचारू नये.

"तुला नाही जमलं तर मी नेईन हो," जाऊ म्हणाली. "माझ्या टाचा शाबूत आहेत."

चुलीपाशी झोपलेली म्हातारी मांजर उठली. म्हणजे आधी तिनं पुढचे पाय ताणले, मग मागचे, पाठीची कमान केली आणि मग कुठे पाऊल टाकलं.

"काय हा आळस!" आई वैतागली.

"आमच्यात याला उठणं म्हणतात," मांजर म्हणाली. "तुझ्या तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा आहे. रात्री तो आखडतो. तू उडी मारून त्याच्यावर सगळा भार टाकतेस."

"पण बाळ रडतं ना!"

"दोन श्वास रडेल. गळा धड आहे त्याचा."

आईनं ऐकलं. उठण्याआधी ती पंचा तळव्याला अडकवून बोटं स्वतःकडे ओढू लागली. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणू लागली. झिजलेला जुना वरवंटा गार पाण्यात भिजवून तळव्याखाली फिरवू लागली. घरात मऊ चपला घातल्या, तेव्हा सासूबाईंनी डोळे वटारले. "फरशी मऊ करून द्या, मग काढते," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

चैत्र आला. टाच हलकी झाली होती, पण डोंगर चढण्याइतकी नाही.

"दे त्याला इकडे," जाऊ म्हणाली.

"यंदा नको, जाऊबाई. पुढच्या चैत्रात मीच नेईन."

गाव कुजबुजलं. ती दाराआड रडली. पण येरझाऱ्या घातल्या नाहीत.

पुढच्या चैत्रापर्यंत बाळ पळू लागलं होतं. कडेवर बसेना. आईचं बोट धरून ते डोंगर चढलं. वाटेत दोघं बसली, आणि उठताना दोघांनी मांजरीसारखे पाय ताणले. झऱ्यात त्यानं आपणहून पावलं टाकली.

"आई, गार!"

तिनंही पाय सोडले. गारवा अगदी तोच होता.

ती मांजर आता नाही. पण त्या गावात अजूनही सकाळी कुणी उडी मारून उठत नाही, आणि प्रत्येक घरात पावलांसाठी एक कोपरा फरशीविना, शेणानं सारवलेला असतो.

तात्पर्य: दुखणाऱ्या पावलाला घाईनं दामटू नये, त्याला वेळ दिला, की ते आपल्याला हवं तिथं नेतं.