मैनीच्या हाताचे तीन वास

नदी जिथे वळण घेते, तिथे पिवळ्याधमक बाभळीखाली एक इवलंसं खोपट होतं. खोपट कसलं, चार काठ्या आणि वर मूठभर गवत! त्यात मैनी आणि तिची आई राहायच्या. मैनी म्हणजे एवढुशी पोर. काळेभोर टपोरे डोळे, दोन चिमुकल्या वेण्या आणि आईच्या जुन्या लुगड्यातून शिवलेलं परकर-पोलकं. घरात भाकरी अर्धीच असली तरी अंगणातल्या चिमण्यांना चुरा टाकल्याशिवाय ती घास घ्यायची नाही.

थंडी पडली की आई दूर समुद्राकाठी मिठागरावर कामाला जाणार होती. तिथे लेकरांना राहायला जागा नसते. मैनीला एखाद्या शाळेने घेतलं, तर तिथेच राहायला मिळणार होतं, रोज गरम गरम वरणभात मिळणार होता आणि सुट्टीत आई भेटायला येणार होती. नाहीतर डोंगरापलीकडच्या कुणा अनोळखी घरी मूल सांभाळायला जायचं. त्या घराचा नुसता विचार आला तरी मैनी आईचा पदर घट्ट धरायची.

त्या मुलखात शाळा तीन. मोगऱ्याच्या शाळेत झुळझुळीत कापड विणायला शिकवायचे. केवड्याच्या शाळेत नावा बांधायला शिकवायचे. आणि बकुळीच्या शाळेत औषधं करायला, आजारी माणसांना बरं करायला शिकवायचे. मैनीचा सगळा जीव बकुळीच्या शाळेत अडकला होता. पण तिथे जागा थोड्या आणि मुलं ढीगभर, म्हणून ती तिन्ही शाळांत जाऊन नाव सांगून आली होती.

आता गंमत अशी, की नाव सांगायला आलेल्या मुलाच्या तळहातावर दारातली बाई आपल्या शाळेचं फूल चोळायची. तो वास निकाल लागेपर्यंत काही केल्या जायचा नाही. म्हणजे मैनीच्या हाताला तीन-तीन वास!

"एका शाळेला दुसरीचा वास आला ना, की गेलीस तू! सरळ घरी!" मोठी मुलं तिला म्हणाली होती. त्यांना हे कुणी सांगितलं होतं, देव जाणे. पण मैनीची झोप उडाली ती उडालीच.

बकुळीच्या शाळेचं बोलावणं आलं त्या सकाळी ती झऱ्यावर जाऊन बसली. कोवळं ऊन पाण्यावर सोनेरी टिकल्यांसारखं चमचमत होतं, पण मैनीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने रिठ्याने हात घासले. चिंचेने घासले. चुलीतल्या राखेने घासले. वास आपला जास्तच घमघमायला लागला. मैनीला रडू कोसळलं.

"आँ... आँ... आँक्छी!"

कोण शिंकलं? मैनीने डोळे पुसून पाहिलं. झऱ्यातल्या दगडावर एक परी बसली होती, अंगठ्याएवढी. अंगात मोरपिशी झगा, पाठीवर निळे-गुलाबी पंख आणि नाक लालचुटूक झालेलं. ती शिंकली की तिच्याभोवती रुपेरी चांदण्यांचा फवारा उडत होता.

"कोण गं माझ्या झऱ्यात एवढे वास धुतंय?" परी नाक पुसत म्हणाली. "सकाळपासून शिंकून शिंकून जीव गेला माझा!"

"चुकलं हो, परीताई," मैनी घाबरून म्हणाली. आणि मग हुंदके देत देत तिने सगळं सांगून टाकलं. बोलता बोलता तिने पोलक्याच्या खिशातला भाकरीचा तुकडाही परीपुढे धरला, कारण शिंकणाऱ्या माणसाने उपाशी राहू नये असं तिची आई म्हणायची.

परीने भाकरी खाल्ली आणि ती जरा मवाळ झाली. "बरं. तुला इच्छा देते. पण तीन नाहीत हं. मी लहान परी आहे, मला दोनच येतात. आणि नियम नीट ऐक. एका इच्छेत एकच काम. दिलेलं परत होत नाही. आणि जे पुसायला सांगशील, ते दोन्हीकडून पुसलं जाईल."

"दोन्हीकडून म्हणजे?"

"पुसलं की कळेल," परी म्हणाली.

मोगऱ्याचा वास सगळ्यात जोराचा होता. मैनीने डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "मोगरा जाऊ दे." हाताला गुदगुल्या झाल्या, आणि मोगरा गेला! आता राहिला केवडा. पण तिच्या मनात उगीचच पाल चुकचुकली. दुसरी इच्छा तिने तशीच राखून ठेवली. परी तिच्या वेणीच्या टोकावर बसली आणि दोघी निघाल्या.

वाटेत मोगऱ्याची शाळा लागली. दारातल्या आजींनी गेल्या खेपेला मैनीची सुटलेली वेणी घालून दिली होती, गूळपाणी दिलं होतं, आणि "पुन्हा ये हं, मैने," असं म्हटलं होतं. मैनीने हसून हात केला.

"कोण गं बाळ तू?" आजी म्हणाल्या. "आधी कधी पाहिलं नाही तुला."

मैनीने वर केलेला हात हळूच खाली घेतला. म्हणजे हे होतं दोन्हीकडून! तिच्या हातावरून मोगरा पुसला, तशी मोगऱ्याच्या शाळेतून मैनी पुसली गेली. एक दार कायमचं बंद झालं, आणि तेही तिने स्वतःच्या हाताने.

बकुळीच्या शाळेच्या अंगणात मुलं ओळीने बसली होती आणि झाडून सगळ्यांनी हात पाठीमागे लपवले होते. मैनीच्या शेजारी सोनसळी नावाची मुलगी होती. अंगावर जरीचा लखलखता परकर, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी. वास जावा म्हणून तिने तळहातांना ओला चुना चोळला होता. तळवे लालबुंद झाले होते, कातडी सोलवटली होती.

"फार आग होते गं," सोनसळी कण्हली. "आईला सांगू नकोस."

एकच इच्छा उरली होती. ती वापरून केवडा पुसला, तर कुणाला काही कळणार नव्हतं. नाही पुसला, तर कदाचित आजच घरी, आणि मग तो डोंगर, ते अनोळखी घर. तिला वाटलं, सोनसळीकडे बघूच नये. पण नजर सारखी त्या तळव्यांकडेच जात होती.

"परीताई," ती अगदी हळू म्हणाली, "हिचे हात बरे कर."

"बघ हं. मग माझ्याकडे काही उरणार नाही."

"कर गं लवकर!"

रुपेरी शिंक आली, चांदण्या उडाल्या आणि सोनसळीचे तळवे गुलाबाच्या पाकळ्यांसारखे मऊ झाले. ती थक्क होऊन बघतच राहिली. तेवढ्यात आतून मैनीच्या नावाचा पुकारा झाला.

आत गोदाक्का बसल्या होत्या. त्या म्हणजे मुलखातल्या सगळ्यात मोठ्या वैद्य. त्यांनी मैनीचे हात हातात घेतले आणि विचारलं, "आमच्याखेरीज आणखी कुठे नाव सांगितलंस, बाळ?"

केवडा तर लपणार नव्हताच. पण मोगरा? तो पुसला होता. त्याचं नाव नाही घेतलं, तर जन्मात कुणाला पत्ता लागला नसता.

"केवड्याच्या शाळेत," ती म्हणाली. "आणि... मोगऱ्याच्याही. तो वास मी पुसून घेतला. मला भीती वाटली होती, अक्का. मला इथेच यायचंय. पण तुम्ही नाही घेतलं तर मी केवड्याच्या शाळेत जाईन आणि तिथेही मन लावून शिकेन. मला कुठेतरी जागा हवी आहे."

गोदाक्कांनी तिचे हात सोडले. मैनीला वाटलं, संपलं सगळं. इतक्यात पोट धरून एक म्हातारेबुवा कण्हत आत आले.

"मैने, यांना विचार," गोदाक्का म्हणाल्या, "इथे येण्याआधी कुणाकुणाचं औषध घेतलं."

मैनीने विचारलं. म्हातारेबुवा गडबडले. "कुणाचंच नाही गं पोरी. थेट इथंच आलो." पण कनवटीवर हात दाबून ते सारखे दाराकडे बघत होते. मैनीला ती भीती लगेच ओळखू आली. सकाळपासून तीच तर तिच्या मनात होती.

ती त्यांच्याजवळ बसली. "आजोबा, आणखी कुणाकडे गेला असाल तरी इथे कुणी रागावत नाही. आत्ताच मी सगळं सांगितलं. मला अजून तरी हाकललेलं नाही."

म्हातारेबुवांना हसू आलं. त्यांनी कनवटीची एक पुडी काढली. मग दुसरी. मग मुंडाशातून तिसरी.

गोदाक्कांनी पुड्या हुंगल्या आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "यावर माझा काढा दिला असता, तर आजोबा वाचले नसते." मग त्या मैनीकडे वळल्या. "माणसं लाजेपोटी लपवतात आणि आपण अंधारात औषध देतो. खरं बोलताना काय वाटतं ते ठाऊक असलेली पोर मला हवी होती. आईला जाऊन सांग, मिठागरावर खुशाल जा म्हणावं. लेक माझ्याजवळ आहे."

मैनी हमसून हमसून रडली, आणि या खेपेला रडताना हसतही होती.

वेणीचं टोक उबदार झालं. परी उडून खिडकीत बसली, सोनेरी, मग पांढरीशुभ्र, आणि बघता बघता तिचा नुसता लखलखीत उजेड झाला. उजेडातून एक छोटीशी शिंक ऐकू आली. मग खिडकीत फक्त ऊन होतं.

मैनी धावत अंगणात आली. सोनसळी अजून हात पाठीमागे धरून बसली होती. मैनीने ते हात ओढून पुढे घेतले.

"सगळं सांग," ती म्हणाली. "मी दारातच उभी आहे. जा."