पोपटमास्तरांची तोंडी परीक्षा

फार जुनी गोष्ट आहे. मला ती एका म्हाताऱ्या बिबट्याने स्वतः सांगितली, त्यामुळे खोटी असायचं कारण नाही.

एका उंच झाडावर वानर पहारा द्यायचा आणि खाली हरणं निर्धास्त चरायची. धोका दिसला की तो खाकरायचा, की हरणं पसार. पुढे एका साहेबाच्या बंगल्यातून पळालेला पोपट त्या झाडावर आला आणि वानराला इंग्रजी शिकवू लागला.

"सी म्हणजे आपोआप दिसणं. वॉच म्हणजे मुद्दाम नजर ठेवणं. कळला फरक?"

"कळला, मास्तर."

"मग उदाहरण दे."

खाली हरिणीचा जीव टांगणीला लागला होता. पाडस अजून नीट धावायला शिकलं नव्हतं, आणि वारा नसताना समोरचं गवत हलत होतं.

"भावजी, काही आहे का हो तिकडे?"

"थांबा वहिनी, परीक्षा चाललीय." वानराने डोळे मिटून विचार केला. "मास्तर, मघाशी मला गवतात दोन पिवळे डोळे दिसले, ते सी. आता मी त्यांच्यावर नजर ठेवली, तर ते वॉच."

"शाब्बास! पैकीच्या पैकी!"

तोवर हरिणीने पाडसाला ढुशी मारून पळवलं होतं. बिबट्याचा पंजा त्याच्या शेपटीला निसटता लागला.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली एकही हरीण फिरकलं नाही. बिबट्या तेवढा आला आणि अदबीने म्हणाला, "मास्तर, तो पलीकडचा वानर अजून अडाणीच आहे हो. हरणं आता तिकडे चरतात. तिथे वर्ग कधी सुरू करताय?"