एक खोटा अर्थ

एकदा एक परिचारिका इंग्रजी शिकण्यासाठी एका वृद्ध शिक्षकाकडे आली, ती मनात संशय घेऊनच आली. तिला परदेशातल्या एका रुग्णालयात नोकरी मिळत होती. अट इंग्रजीच्या परीक्षेची. पहिल्या खेपेस ती नापास झाली होती. रुग्णालयाने आणखी एक संधी दिली होती. ती हुकली की जागा दुसरीला.

संशयाचे कारण असे की, तिच्या वडिलांना तिचे जाणे पसंत नव्हते, आणि हेच वडील रोज संध्याकाळी त्या शिक्षकांच्या ओसरीवर गप्पा मारत बसत. पण गावात इतके इंग्रजी जाणणारा दुसरा कोणी नव्हता.

"नापास कशात झालीस?" शिक्षकांनी विचारले.

"बोलण्यात. परीक्षक बाईंनी विचारलं, घरात तू कोणाला 'टेक आफ्टर' करतेस? मला वाटलं, औषधाचं विचारतायत. म्हटलं, जेवणानंतर."

शिक्षक हसले नाहीत. "तू घरात कोणावर गेली आहेस, असं विचारत होत्या त्या."

"आता कळलं."

"तेव्हा शंका आली नाही?"

"आली होती."

"मग विचारलं का नाहीस?"

"एवढ्या मोठ्या बाई, गुरुजी. त्यांना परत कसं विचारायचं? बरं दिसतं का?"

शिक्षकांनी शिकवणी सुरू केली.

इंग्रजीत साध्या क्रियापदाला एखादा छोटा शब्द चिकटतो आणि अर्थ भलतीकडेच जातो. 'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे. 'पुट' म्हणजे ठेवणे, पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. नियम लावायला जावे तर लागत नाही. शिक्षक सांगत आणि ती पाढ्यांसारखे पाठ करी. "कळलं?" असे त्यांनी म्हटले की ती मान डोलावी. कळले तरी डोलावी, न कळले तरी डोलावी.

एके दिवशी ती आली तेव्हा वडील ओसरीवर होते. तिला पाहताच बोलणे तुटले. वडिलांनी चपला घातल्या आणि तिच्याकडे न पाहता ते निघून गेले. त्या दिवशी तिचे शिकवणीत लक्ष लागेना. मध्यंतरी शिक्षकांनी प्रकृतीचे कारण सांगून सुट्टी दिली होती, ती तिला आठवली. परीक्षा जवळ आली असताना ते शब्द सावकाश शिकवत होते, तेही आठवले. सगळे एकमेकांशी जुळू लागले. संशयाला जुळवायला फार लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाचनालयात गेली. जाडजूड शब्दकोश काढून शिकलेला एकेक शब्द तपासू लागली. सगळे अर्थ बरोबर निघत गेले. तिला आपली लाज वाटू लागली. मग 'कॉल ऑफ' आला. शिक्षकांनी सांगितले होते, बोलावून घेणे. कोशात लिहिले होते, रद्द करणे.

ती तडक शिक्षकांकडे गेली.

"गुरुजी, 'कॉल ऑफ' म्हणजे काय?"

"बोलावून घेणे."

"खोटं आहे."

"हो, खोटं आहे," शिक्षक म्हणाले. "बस."

ती बसली नाही. "आप्पा आले होते तुमच्याकडे. हिला पास होऊ देऊ नका म्हणाले असतील."

"म्हणाले. मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, तुमच्या घरचं भांडण घरात भांडा."

"मग हा अर्थ?"

"तो मी सुरुवातीलाच शिकवला होता, आप्पा मला बोलले ते काल. आठवून बघ."

तिने आठवले. खरे होते. तो शब्द सुरुवातीच्या दिवसांतलाच होता.

"ऑपरेशन 'कॉल ऑफ' झालंय असं तिकडे कोणी म्हटलं असतं, तर मी पेशंटला उपाशी ठेवून आत घेऊन गेले असते."

"गेली असतीस. म्हणून परीक्षेआधी मी सांगणारच होतो. तू आधी येतेस का, ते पाहत होतो."

मग शिक्षक जरा पुढे सरकून बोलू लागले.

"मुली, तो अर्थ सांगितला तेव्हा तुझ्या कपाळाला आठी पडली होती. मी पाहिली. तुला तो पटला नव्हता. तरी मान डोलावलीस, कारण माझे केस पांढरे आहेत. आज कोश उघडलास, तोही शब्दाचा संशय आला म्हणून नाही. माझा आला म्हणून. माणूस भला वाटला की त्याचं सगळं खरं धरायचं, आणि मनातून उतरला की सगळं खोटं. भली माणसंही चुकतात गं. मी आणखी कितीही शब्द शिकवले, तरी परीक्षेत न शिकवलेलाच येईल. त्या वेळी 'पुन्हा सांगा' एवढं तुझ्या तोंडून निघालं पाहिजे. मोठ्यांना उलट विचारू नये, असं तुला वाटतं. पण न कळता तू हो म्हणालीस, तर त्याचा भोग खाटेवरच्या रोग्याला."

ती खाली बसली आणि म्हणाली, "यापुढे शिकवाल ते तरी खरं असेल ना?"

"तपासून घे."

परीक्षेत तिच्यासमोर पुन्हा अनोळखी शब्द आला. मान डोलण्याच्या बेतात होती. तिने ती आवरली आणि पुन्हा सांगण्याची विनंती केली. परीक्षकांनी तोच प्रश्न साध्या शब्दांत विचारला. ती उत्तीर्ण झाली. वडील बरेच दिवस शिक्षकांच्या ओसरीकडे फिरकले नाहीत.

परदेशात एका सकाळी मोठ्या डॉक्टरांनी चालता चालता तिला एका औषधाची सूचना दिली. ती त्यांच्या मागे गेली आणि म्हणाली, पुन्हा सांगा. डॉक्टर वैतागले. पुन्हा सांगताना मात्र ते मध्येच थांबले, हातातला कागद पाहिला आणि खाटेचा नंबर बदलून सांगितला.

ज्याला पुन्हा विचारलेले खपत नाही, त्याच्या सांगण्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.